सर्फ-ए-खासचे धनी आणि जमिनीचे दान

रमजान लागला की घराघरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. सोने किती, चांदी किती, बँकेत शिल्लक किती, दुकानात माल किती, येणे किती नि देणे किती. वर्षभर हाताशी राहिलेल्या या संपत्तीतला चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंचा असतो. राहते घर या हिशेबात धरत नाहीत. कसायची जमीनही धरत नाहीत. तिच्या पिकावर उश्र द्यायचा असतो. पावसावर पिकले तर दहावा भाग आणि पाणी ओढून, खर्च करून पिकवले तर विसावा भाग. जमीन मात्र मालकाचीच राहते. शेत, विहीर, घर, दुकान अशी स्थावर मालमत्ता अल्लाहच्या वाटेत कायमची देऊन टाकणे कोणावरही फर्ज नाही. ते मर्जीचे काम आहे.

इस्लामच्या इतिहासात या मर्जीच्या कामाची दोन उदाहरणे फार प्रसिद्ध आहेत. हजरत उमर (रजि.) यांच्या वाट्याला खैबरची उत्तम जमीन आली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. मूळ जमीन राखावी आणि उत्पन्न वाटावे, असा सल्ला मिळाला. ती जमीन विकायची नाही, कोणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, असे ठरले. वक्फ नावाच्या साऱ्या व्यवस्थेचा पाया हाच आहे. दुसरे उदाहरण हजरत उस्मान (रजि.) यांचे. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना मदिनेत गोड पाण्याची टंचाई होती आणि रूमा नावाच्या विहिरीचा मालक पाणी विकत असे. हजरत उस्मानांनी ती विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर त्या विहिरीवर त्यांचा स्वतःचा हक्क इतरांच्या बादलीइतकाच उरला.

याच उस्मान नावाचा एक राजा पुढे जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला गेला आणि त्याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान. मराठवाड्यात त्यांचे नाव घेतले की रझाकार आठवतात, आणि ते आठवणे स्वाभाविकच आहे. दुसरीकडे त्यांच्या दानशूरपणाच्या गोष्टी सांगणारेही बरेच आहेत आणि त्या गोष्टींत दरवर्षी थोडी भर पडते. धाराशिव जिल्ह्याला मात्र या माणसाच्या दानाचा हिशेब विचारण्याचा अधिकार इतरांपेक्षा जास्त आहे. इथल्या जमिनीशी त्यांचे नाते निव्वळ राजाचे नव्हते. जिल्ह्यातल्या मोठ्या मुलखाचे ते खासगी धनी होते.

६ एप्रिल १८८६ रोजी हैदराबादच्या पुरानी हवेलीत त्यांचा जन्म झाला. वडील सहावे निजाम मीर महबूब अली खान सढळ हाताचे, शौकिनी वृत्तीचे आणि प्रजेत लोकप्रिय. मुलगा अगदी उलट निघाला. अभ्यासू, संशयी, पैशाला जपणारा. इंग्रजी, उर्दू, फारसी आणि अरबी या भाषा शिकला. उर्दू आणि फारसीत गझला लिहू लागला, जलील मानिकपुरींसारखा उस्ताद मिळाला. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसा नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसे दगावली, तेव्हा ते बावीस वर्षांचे युवराज होते. २९ ऑगस्ट १९११ रोजी वडील वारले आणि पंचविसाव्या वर्षी ते गादीवर आले.

हाती आलेले राज्य सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे होते. त्यातल्या जमिनीचे ढोबळ तीन प्रकार. दिवाणी किंवा खालसा मुलूख सरकारचा. त्याचा सारा राज्याच्या तिजोरीत जमा होई. जहागिरी आणि संस्थाने सरदार-उमरावांची. तिसरा प्रकार सर्फ-ए-खास. सर्फ म्हणजे खर्च आणि खास म्हणजे स्वतःचा. या मुलखाचे उत्पन्न थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जाई. राज्याचा सुमारे दहावा हिस्सा असा होता आणि धाराशिव, कळंब, परंडा हे तालुके त्यात मोडत. औंढा ते औसा कुठल्याही पाटलाला सारा भरावाच लागे. फरक इतकाच की कळंबच्या पाटलाने भरलेला सारा राज्याच्या अंदाजपत्रकात न जाता एका माणसाच्या खिशात जाई.

या जमिनीने मालक बदलताना आधीही पाहिले होते. इंग्रजांच्या फौजेचे देणे थकले म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही निजामाने कंपनीच्या ताब्यात दिला. कादंबरीकार म्हणून पुढे नावाजलेला मेडोज टेलर त्या काळात नळदुर्गला अधिकारी होता. १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले. गहाण पडलेली आणि सोडवून घेतलेली अशी ही दौलत उस्मान अलींना वारशाने मिळाली.

त्यांच्या कारकिर्दीतल्या देणग्यांची यादी लांबलचक आहे. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि वैद्यक, विज्ञान, कायदा उर्दूतून शिकवण्याचे धाडस तिथे झाले. मुसा नदीकाठी उस्मानिया रुग्णालय बांधले. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे पोपडे धरून गळत होती, ती वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. पुरातत्त्व खाते गुलाम यझदानींच्या हाती दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम पैशावाचून अडू लागले, तेव्हा हैदराबादहून वर्षाला एक हजार रुपये याप्रमाणे अकरा वर्षांचे अनुदान मंजूर झाले आणि अतिथिगृहासाठी पन्नास हजार वेगळे. ते निजाम अतिथिगृह पुण्यात उभे आहे. लंडनमध्ये मशीद व्हावी म्हणून १९२८ मध्ये साठ हजार पौंड दिले. त्या पैशातून पश्चिम केन्सिंग्टनमध्ये जागा घेतली गेली आणि जून १९३७ मध्ये युवराज आझम जाह यांच्या हस्ते कोनशिलाही बसली. मशीद मात्र त्या जागी झाली नाही, तो निधी पुढे रीजंट्स पार्कजवळच्या मशिदीच्या कामी आला.

या यादीने दिपून जाण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. हा पैसा कोणाचा होता? विद्यापीठ, रुग्णालय, लेण्यांची डागडुजी, पुण्याचे अनुदान ही राज्याच्या तिजोरीतून झालेली कामे आहेत. तिजोरीत परभणीच्या कापसाचा, नांदेडच्या आणि तेलंगणातल्या शेतकऱ्याचा सारा होता. राजाने ती कामे मंजूर केली, चांगल्या माणसांना हाताशी धरले, त्यांच्या कामात फारशी ढवळाढवळ केली नाही, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु सार्वजनिक पैशातून केलेले सार्वजनिक काम म्हणजे राजाचा सदका नव्हे. शरियतच्या भाषेत सांगायचे तर वाकिफ, म्हणजे वक्फ करणारा, त्या मालमत्तेचा पूर्ण मालक असावा लागतो. दुसऱ्याची वस्तू वक्फ होत नाही. आजही एखाद्या योजनेवर नेत्याचे छायाचित्र छापलेले दिसते तेव्हा हाच घोटाळा होत असतो, पण तो विषय वेगळा.

जमिनीच्या बाबतीत घोटाळा आणखी मोठा आहे. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांत दोन शब्द वारंवार येतात, मदतमाश आणि खिदमतमाश. मदतमाश म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली जमीन. मशिदीचा इमाम, मुअज्जिन, दर्ग्याचा मुजावर, देवळाचा पुजारी यांनी सेवा करायची आणि त्या जमिनीचे उत्पन्न खायचे. सेवा थांबली की हक्क संपला. अशा कित्येक इनामी जमिनी असफजाही काळाच्याही आधीपासून चालत आलेल्या होत्या. निजामांनी त्या चालू ठेवल्या, काही नव्याने दिल्या. मशिदी-दर्ग्यांप्रमाणे मंदिरेही यात होती. या साऱ्यावर देखरेख करणारे खाते होते उमूर-ए-मजहबी. तुळजापूरच्या भवानी मंदिराचा कारभार ज्या देऊळ कवायतीने चालत आला, ती नियमावलीही निजामी काळातलीच, १९०९ ची. म्हणजे वडिलांच्या कारकिर्दीतली.

उस्मान अलींच्या काळात या कामाला कायद्याची घट्ट चौकट मिळाली. १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास, धर्मादाय मालमत्तांचा कायदा आला. किताबुल अवकाफ नावाच्या नोंदवहीत प्रत्येक मालमत्तेची नोंद व्हावी, तिचा मुतवल्ली कोण, उत्पन्न किती, खर्च कशावर हे लिहिले जावे, अशी तजवीज झाली. हिंदू आणि मुस्लिम दोन्ही संस्था त्यात आल्या. इनामाची चौकशी होऊन मिळणारा दाखला मुंतखब म्हणून ओळखला जाई. संस्थान गेले, राजा गेला, पण उर्दू-फारसीत लिहिलेले हे मुंतखब मराठवाड्याच्या न्यायालयांत अजून पुरावा म्हणून दाखल होतात आणि ते वाचू शकणारा माणूस शोधावा लागतो. उस्मान अलींनी दिलेल्या कोणत्याही देणगीपेक्षा ही नोंदवही जास्त टिकली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. जमीन दान करणे एका दिवसाचे काम आहे. ती दानच राहावी यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कागद सांभाळावा लागतो.

स्वतः राजा कसा राहत होता? याबद्दल इतक्या आख्यायिका आहेत की खरे-खोटे वेगळे करणे कठीण. त्यांची टोपी जुनीपुराणी असे, शेरवानी विटलेली असे, सिगारेट स्वस्तातली चारमिनार असे, यावर मात्र जवळपास सगळ्यांचे एकमत आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापून त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस ठरवले. एकशे चौऱ्याऐंशी कॅरटचा जेकब हिरा ते टेबलावर कागद दाबायला वापरत. दरबारात येणाऱ्याकडून नजराणा घेण्याची प्रथा त्यांनी कसोशीने पाळली आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. देताना हात सैल आणि घेताना हात आखडता, अशी दात्याची कल्पना आपल्या मनात असते. या माणसाचा हात दोन्हीकडे सारखाच मोजून चाले.

मग १९४७ आले. भारतात सामील व्हायचे की स्वतंत्र राहायचे, या प्रश्नावर निजाम वर्षभर घुटमळत राहिले. त्या पोकळीत कासिम रझवीचे रझाकार माजले. रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेला आपली सारी मालमत्ता देऊन टाकणारा माणूस म्हणून तो आधी नावारूपाला आला होता. मालमत्तेचे दान हे स्वतःहून पवित्र असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. ते दान ज्या हातांत गेले त्या हातांनी पुढे गावे जाळली. निजामांनी रझवीला वेळीच आवर घातला नाही, आणि त्याची किंमत त्यांच्या प्रजेने दोनदा मोजली. आधी रझाकारांच्या अत्याचारांत आणि नंतर, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपाठोपाठ उसळलेल्या सूडाच्या लाटेत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने नंतर फिरून अहवाल दिला, त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. विधवा आणि अनाथ दोन्ही समाजांत होते. धर्मादाय मालमत्तेची खरी गरज अशाच वेळी असते, आणि त्याच वेळी ती सांभाळणारी सारी व्यवस्था मोडून पडली होती.

फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास संपले. निजामांनी फर्मान काढले आणि हा मुलूख दिवाणीत, म्हणजे राज्याच्या मुलखात, विलीन झाला. धाराशिव, कळंब, परंडा प्रथमच इतर तालुक्यांसारखे झाले. हे दान होते का? दानाची यादी करणारे कधी कधी तसे सुचवतात. ते खरे नाही. मुलखाच्या बदल्यात त्यांना वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरले. पन्नास लाखांचा तनखा वेगळा. त्याच वर्षी जहागिरीही रद्द झाल्या. सौदा म्हणून तो वाईट नव्हता, आणि सौद्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. फक्त त्याला सौदाच म्हणावे.

असाच एक गैरसमज सोन्याबद्दल आहे. १९६५ मध्ये निजामांनी देशाच्या संरक्षणासाठी पाच टन सोने दान केले, ही गोष्ट दरवर्षी नव्याने फिरते. सरकारी उत्तराने स्पष्ट झालेली वस्तुस्थिती अशी की, त्यांनी सव्वाचारशे किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज होते. देश अडचणीत असताना एवढे सोने बाहेर काढणे ही छोटी गोष्ट नव्हती. पण गुंतवणुकीला खैरात म्हटले की खऱ्या खैरातीवरचाही विश्वास उडतो.

आणि त्यांनी खरी खैरात केली, हे विसरून चालणार नाही. ती त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात आहे. राज्य गेल्यावर १९५० पासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेर ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. त्या पदाला अधिकार नव्हता. तिजोरीवर हात नव्हता. आता जे काही होते ते खरोखर त्यांचे स्वतःचे होते, आणि याच काळात त्यांनी एकामागून एक विश्वस्त दस्त करायला सुरुवात केली. पहिले मोठे दस्त कुटुंबासाठी होते. १९५० च्या कौटुंबिक ट्रस्टमध्ये नऊ कोटी रुपयांचे रोखे ठेवून ते समान हिश्शांत विभागले. बेगमा, मुले, नातवंडे, आश्रित यांचे वाटे ठरवून टाकले. दागिन्यांचे ट्रस्ट वेगळे. हजारो माणसे त्यांच्या घरावर पोसली जात होती, त्या साऱ्यांची सोय लावली. घरच्यांवर केलेला खर्चही सदकाच मानला जातो, हे खरे. पण वाटे इतके बारीक पडत गेले की काही पिढ्यांत वारसांच्या हाती फारसे काही येईना.

त्यानंतर १९५४ चा धर्मादाय ट्रस्ट. हा सर्वांसाठी होता. आजारी माणसाला उपचार, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, आणि जात-धर्माची अट नाही. या ट्रस्टने हैदराबादच्या पंजागुट्टा भागात अस्थिरोगांसाठी रुग्णालय उभारले. पुढे सरकारने ते हाती घेतले आणि १९८० च्या दशकात त्याची मोठी वैद्यकीय संस्था झाली; निम्स म्हणून ती ओळखली जाते. मराठवाडा आणि कर्नाटकाच्या सीमेवरचे रुग्ण तिथे जातात. पाटीवर निजामांचे नाव आहे, पण खाट मिळण्यासाठी कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. उस्मानिया रुग्णालय राजाने बांधले आणि हे रुग्णालय एका खासगी माणसाने, इतका साधा फरक. त्यात दान शोधायचे तर ते दुसऱ्यात सापडते.

जमिनीचेही एक दान त्यांच्या नावावर सांगितले जाते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी भूमिहीनांसाठी शंभर एकर देऊ केले आणि विनोबांची भूदान यात्रा सुरू झाली. विनोबा कोकणातल्या गागोद्याचे. अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केलेले आणि पुढे कुराणसार संकलित करणारे. निजामांच्या चरित्रांत त्यांनी आपल्या खासगी मालमत्तेतली चौदा हजार एकर जमीन भूदानाला दिल्याचा उल्लेख येतो. भूदान आणि वक्फ यांत एक मूलभूत भेद आहे, तो इथे सांगायला हवा. भूदानात जमीन तुकडे करून भूमिहीनाच्या हाती द्यायची; त्याने ती कसायची. वक्फात जमीन अखंड ठेवायची आणि फळ वाटायचे. भूदानात जमीन वाटपाविना पडून राहण्याचा, खडकाळ किंवा वादाची जमीन दानात खपवली जाण्याचा धोका होता, आणि देशभर तसे घडलेही. वक्फात धोका मुतवल्लीचा. सांभाळणाराच खाऊ लागला तर मूळ राखण्याचा नियम कागदावर राहतो. मराठवाड्यात हे नव्याने कोणाला सांगण्याची गरज नाही.

निजाम घराण्याचे आणखी एक स्थावर दान धाराशिवच्या माणसाला थेट लागू पडते, आणि ते हैदराबादेत नाही, मक्केत आहे. हाजींनी विनामूल्य उतरावे म्हणून निजामांच्या काळात मक्का आणि मदिनेत घरे घेऊन वक्फ केली गेली. त्यांना रुबात म्हणतात. या दानाची सुरुवात उस्मान अलींच्या आधीच्या पिढ्यांतली; त्यांनी ते चालू ठेवले. हरम शरीफचा विस्तार होत गेला तशा बहुतेक इमारती पाडल्या गेल्या, थोड्या उरल्या. दस्तात लाभार्थी म्हणून हैदराबाद संस्थानचे रहिवासी असे लिहिलेले. संस्थान १९४८ मध्ये बुडाले, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे झाले, तरी रुबातीच्या लेखी ते अजून शाबूत आहे. तेलंगणाचे, कर्नाटकातल्या जुन्या निजामी जिल्ह्यांचे आणि मराठवाड्याचे हाजी तिथे हक्काने अर्ज करतात, हैदराबादेत चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि ज्यांचे नाव निघेल त्यांचा मक्केतला भाड्याचा खर्च वाचतो. परंड्याच्या किंवा भूमच्या हाजीला राज्य कोणते आणि जिल्ह्याचे नाव काय याने काही फरक पडत नाही.

नेमके उलटे उदाहरणही त्यांच्याच आयुष्यात आहे. सप्टेंबर १९४८ च्या गोंधळात त्यांचे दहा लाख पौंड लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. निजामांनी लगेच पैसे परत मागितले, पण कोणासाठी, कोणत्या अटीवर दिले याचा स्वच्छ दस्त नव्हता. तीन पक्ष भांडत राहिले आणि रक्कम गोठून पडली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने भारत आणि निजामांचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. एकाहत्तर वर्षांत तिचा ना वारसांना उपयोग झाला, ना एखाद्या गरिबाला.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी किंग कोठीत मीर उस्मान अली खान यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला हैदराबादेत अफाट गर्दी लोटली. मुलाला डावलून त्यांनी नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले होते. वारशात वाडे आले, दागिने आले, आणि त्याबरोबर खटलेही आले. दागिने १९९५ मध्ये भारत सरकारने विकत घेतले. पुरानी हवेली, जिथे उस्मान अली जन्मले, ती मुकर्रम जाह यांनी शिक्षणासाठी ट्रस्टला दिली आणि तिथे शिक्षणसंस्था चालतात. किंग कोठीच्या एका भागात सरकारी रुग्णालय आले आणि उरलेल्या भागाच्या मालकीवरून न्यायालयांत वाद झाले.

बरोबर छप्पन्न वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, उस्मानाबादचे धाराशिव करण्यास केंद्राने मंजुरी दिली. तारीख जुळली तो योगायोगच असावा. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. महसुली दप्तरातले मदतमाश आणि खिदमतमाश हे शब्द मात्र राहिले, कारण ते काढायचे तर त्यामागचे हक्क आधी निकालात काढावे लागतात.

आधीचे बरेच निजाम मक्का मशिदीत दफन आहेत. उस्मान अलींनी तसे केले नाही. किंग कोठीसमोर त्यांनी १९३६ मध्ये एक मशीद बांधली होती, तान्हेपणी गेलेल्या जवाद नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी. मस्जिद-ए-जूदी. तिच्या आवारात त्यांची आई होती. आपल्याला आईजवळ ठेवावे अशी त्यांची इच्छा होती, तशीच ती पूर्ण झाली. रमजानमध्ये मगरिबची अजान झाली की त्या आवारात आसपासचे दुकानदार, रिक्षावाले आणि वाटसरू खजुरावर रोजा सोडतात.